ताप उन्हाचा की जंतूंचा : उष्माघाताच्या रुग्णातलं प्रोकॅल्सिटोनिन आणि नागपुरातलं एक प्रकरण

मे महिन्याचा शेवट होता, नवतपा लागला होता आणि पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. पूर्व नागपुरातल्या एका बांधकामावर काम करणारा ४८ वर्षांचा गवंडी दुपारी साडेचारच्या सुमारास टिनाच्या खोलीत बेशुद्ध सापडला. सकाळी सातपासून तो स्लॅबवर होता. जेवायला म्हणून खोलीत गेला तो उठलाच नाही. सोबतच्यांनी अंगावर पाणी ओतलं, ऑटोत घातलं आणि साडेपाचला धंतोलीतल्या आमच्या रुग्णालयात आणलं.

मी तिथल्या प्रयोगशाळेचं काम पाहते. अतिदक्षता विभागातून खाली येणारी प्रत्येक नळी माझ्या नजरेखालून जाते, आणि शंका आली की मी जिना चढून वर जाते. प्रोकॅल्सिटोनिन ही जिवाणूंच्या संसर्गाचा अंदाज घेण्यासाठी केली जाणारी रक्तचाचणी, आणि उष्माघातात ती कशी वाचायची हे दाखवणारं हे प्रकरण नव्या निवासी डॉक्टरांना शिकवण्यासाठी मांडलं होतं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दाखल होताना

गुदाशयातलं तापमान ४१.९ अंश, नाडी १४८, रक्तदाब ८४/५०, श्वास ३६. हाक मारली तर प्रतिसाद नाही, चिमटा काढला तर हात जेमतेम हलायचा. त्वचा कोरडी आणि तापलेली. रक्तातली साखर ९६. येताक्षणी एक झटका आला.

उपचार तापमानापासूनच सुरू झाले. ओली चादर, बगलेत आणि जांघेत बर्फ, आणि शेजारच्या खोलीतला मोठा कूलर ओढून आणून त्याचा झोत सरळ अंगावर. आपल्याकडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की ओल्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. चाळीस मिनिटांत तापमान ३९ वर आलं, आणि शरीर गरजेपेक्षा जास्त थंड होऊ नये म्हणून तिथेच थंडावा देणं थांबवलं. पॅरासिटामॉल दिलं नाही. उष्माघातात मेंदूतलं तापमान-केंद्र काही वर सरकलेलं नसतं, त्यामुळे त्या औषधाला काम करायला जागा नसते, आणि यकृत आधीच भाजलेलं असतं. श्वासनलिकेत नळी घालून रुग्णाला व्हेंटिलेटरवर घेतलं, सलाइन दिलं, आणि ते पुरेना तेव्हा रक्तदाब टिकवणारं नॉरअॅड्रेनॅलिन लावलं.

एवढ्यावरून निदान सोपं वाटतं. ४० अंशांच्या वर तापमान, मेंदूवर परिणाम आणि उन्हात काम केल्याचा इतिहास, म्हणजे उष्माघात. पण रुग्णाची पत्नी पोहोचली आणि म्हणाली, “दोन दिवसांपासून अंग गरमच होतं त्यांचं. डोकं दुखते म्हणत होते. मी म्हटलं नका जाऊ कामाले.”

या दोन वाक्यांनी सगळं चित्र हललं. दोन दिवसांचा ताप आणि डोकेदुखी, त्यावर झटका आणि बेशुद्धी, म्हणजे मेंदूज्वर असू शकतो, मेंदूत गेलेला मलेरिया असू शकतो, किंवा कुठल्याही संसर्गाने झालेला सेप्सिस, म्हणजे संसर्गाला उत्तर देताना शरीराचेच अवयव बिघडणं. शिवाय ताप असलेला माणूस उन्हात गेला तर त्याला उष्माघात लवकर होतो, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात. उपचारांच्या दिशा मात्र वेगळ्या. उष्माघातात प्रतिजैविक लागत नाही, आणि जिवाणूजन्य मेंदूज्वरात ते द्यायला एक-दोन तासही उशीर झाला तर माणूस हातचा जाऊ शकतो.

पहिल्या नळ्या

पांढऱ्या पेशी १७,८००, प्लेटलेट ८८,०००, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन २.३, ऊतींना रक्त कमी पडलं की वाढणारं लॅक्टेट ५.६, स्नायू फुटले की वाढणारं क्रिएटिन कायनेज ६,४००. मलेरियाची जलद चाचणी आणि स्लाइड दोन्ही नकारात्मक, डेंग्यूची एनएस१ चाचणी नकारात्मक. लघवी गडद तपकिरी होती. पट्टीवर रक्त भरपूर दाखवत होती, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळजवळ नव्हत्या. म्हणजे ते रक्त नव्हतं, फुटलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन होतं.

रक्ताची काच, म्हणजे स्लाइड, मी स्वतः पाहिली. न्यूट्रोफिल या प्रकारच्या काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाच्या पाळ्या मध्यबिंदूभोवती चक्राकार मांडल्यासारख्या दिसत होत्या. हा बदल उष्माघातात पहिल्या काही तासांत दिसतो आणि नंतर नाहीसा होतो, म्हणून काच ताजी असतानाच पाहावी लागते. जिवाणूंच्या जोरदार संसर्गात पेशीद्रव्यात जे जाड कण आणि पोकळ्या दिसतात, ते काहीच इथे नव्हतं. हे मी वर फोन करून कळवलं आणि सोबत हेही सांगितलं की एवढ्यावर प्रतिजैविक रोखू नका. काच कल दाखवते, तिच्यावर निकाल देता येत नाही.

त्याच वेळी प्रोकॅल्सिटोनिन आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या दोन चाचण्यांसाठी रक्त आलं होतं. प्रोकॅल्सिटोनिन ३.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर (सामान्य ०.१ च्या खाली), सीआरपी ६ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे जवळपास सामान्य.

निवासी डॉक्टर गोंधळला. एक सांगतं सेप्सिस, दुसरं सांगतं काहीच नाही. यात विरोध नाही, फरक वेळेचा आहे. प्रोकॅल्सिटोनिन हे ११६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. निरोगी माणसात थायरॉइडच्या सी-पेशी ते बनवतात आणि लगेच कापून त्यातून कॅल्सिटोनिन तयार करतात, त्यामुळे रक्तात ते जवळजवळ येतच नाही. शरीरात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या भिंतीतलं विष) शिरलं किंवा दाहाचे निरोप फिरू लागले की यकृत, फुप्फुस, चरबी अशा अनेक ऊती ते बनवायला लागतात. त्या ऊतींकडे ते कापायची यंत्रणा नसते, म्हणून ते अख्खंच्या अख्खं रक्तात उतरतं. थायरॉइड काढून टाकलेल्या माणसातही सेप्सिसमध्ये ते वाढतं. १९९३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये संसर्गाशी असलेलं त्याचं नातं मांडलं, तेव्हापासून ते अतिदक्षतेत आलं. चिथावणी मिळाल्यावर तीन-चार तासांत ते वाढू लागतं.

सीआरपी सावकाश चालतं. १९३० साली न्यूमोकॉकस या जिवाणूच्या सी-पॉलिसॅकराइडला चिकटणारं प्रथिन म्हणून ते सापडलं. इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या प्रथिनाचा निरोप यकृतापर्यंत पोहोचल्यावर यकृत ते बनवतं, आणि शिखर गाठायला त्याला दीड-दोन दिवस लागतात. रुग्ण कोसळून फार तर दोन-तीन तास झाले असतील, तर ६ हा आकडा दिलासा देत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की जे घडलं ते नुकतंच घडलं आहे. खरं तर पत्नीच्या ‘दोन दिवसांपासून’ या माहितीच्या विरुद्ध जाणारा हा पहिला धागा होता. दोन दिवस जिवाणूंचा जोराचा संसर्ग असता तर सीआरपी एव्हाना वर गेलेलं असतं. हे त्या संध्याकाळी सुचलं होतं, पण त्यावर कुणाचा जीव टांगणं शक्य नव्हतं.

रक्तात जंतू वाढतात का हे पाहायला दोन कल्चर संच घेतले, प्रत्येक बाटलीत पुरेसं रक्त भरलं, आणि ते झाल्यावर सेफ्ट्रायाक्सोन हे प्रतिजैविक मेंदूज्वराच्या मात्रेत व जोडीला स्क्रब टायफससाठी डॉक्सिसायक्लिन सुरू झालं. स्क्रब टायफस हा बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप आपल्याकडे पावसाळ्यात डोकं वर काढतो, २०१८ साली विदर्भाने ते अनुभवलं आहे. मे महिन्यात तो कमीच, पण त्या रात्री दार उघडं ठेवणं योग्य होतं. मेंदूचं सीटी स्कॅन सामान्य होतं. प्लेटलेट घसरत होत्या म्हणून पाठीतलं पाणी तपासणं पुढे ढकललं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. प्रतिजैविक सुरू करण्याचा निर्णय प्रोकॅल्सिटोनिन ३.८ आल्यामुळे झालेला नाही. तो रुग्णाचा रक्तदाब, बेशुद्धी आणि पत्नीने सांगितलेली हकिकत यांवरून झाला. आकडा ०.२ आला असता तरी तेच झालं असतं. सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२१ साली सुधारल्या गेल्या, त्यांचंही म्हणणं हेच आहे की सुरुवात करायची की नाही हे या चाचणीवर सोपवू नका. ती थांबवायच्या वेळी उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशीचा ३१

चोवीस तासांनी प्रोकॅल्सिटोनिन ३१ आलं. सीआरपी ८८. छापील अहवालात १० च्या वरच्या आकड्यापुढे ‘तीव्र जिवाणूजन्य सेप्सिसची दाट शक्यता’ असं वाक्य आपोआप येतं, तेही लाल अक्षरात.

रुग्णाचा धाकटा भाऊ तो कागद घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी आला. “मॅडम, काल तीन होता न जी, आज एकतीस. म्हणजे इन्फेक्शन दहा पट वाढलं का?”

त्याला मी आत बोलावून बसवलं. सांगितलं, “दादा, हा आकडा जंतू मोजत नाही. शरीर किती भडकलंय ते मोजतो. जंतूंनी भडकतं, तसं उन्हानंही भडकतं.” त्याने विचारलं, “मंग कोणतं आहे, ते कसं समजणार?” प्रश्न अगदी बरोबर होता, आणि वरच्या मजल्यावर चार डॉक्टर त्याच प्रश्नावर उभे होते.

उष्माघातात काय होतं ते पाहू. शरीर थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवतं, आणि तेवढं आतड्याचं रक्त कमी होतं. तापलेल्या, रक्त न मिळणाऱ्या आतड्याच्या अस्तराचे जोड सैल होतात. आतड्यात राहणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं एंडोटॉक्सिन तिथून रक्तात झिरपतं. जिवाणू रक्तात वाढत नसतात, पण त्यांच्या भिंतीचे तुकडे फिरत असतात, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या तुकड्यांनाच उत्तर देते. जोडीला स्नायू, यकृत आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशी नुसत्या उष्णतेनेच मरतात आणि त्यांचे अवशेषही तोच गजर वाजवतात. इंटरल्यूकिन-६, टीएनएफ ही दाहाची प्रथिनं आणि त्यांच्यामागून प्रोकॅल्सिटोनिन वाढतं. म्हणून उष्माघाताचा रुग्ण खाटेवर हुबेहूब सेप्सिससारखा दिसतो आणि त्याचं रक्तही तसंच बोलतं. २००३ साली युरोपात उष्णतेची मोठी लाट आली होती. त्या वेळच्या फ्रान्समधल्या उष्माघाताच्या रुग्णांतही प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं आढळलं आहे. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर अपघात, भाजणं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणं, तीव्र फाल्सिपेरम मलेरिया यांतही ते वाढतं. लाल अक्षरातल्या त्या वाक्याला यातलं काहीच माहीत नसतं.

निवासी डॉक्टरांना मी ३० मे २०२४ ची आठवण दिली. त्या दिवशी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. शहरातली सगळी केंद्रं काही तसं सांगत नव्हती, दुसरीकडे ४४ च्या आसपास नोंद होती, आणि नंतर हवामान खात्याने तो संवेदकाचा दोष असल्याचं सांगितलं. एकटा आकडा वाचायचा तो शेजारचे आकडे पाहूनच. आमच्या ३१ मध्ये यंत्राचा दोष नव्हता, तो खरा होता. पण त्याच्या शेजारी काय आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नव्हता.

जवळजवळ चुकीचा ठरलेला एक उतार

या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे.

दुसऱ्या रात्री आमच्या यंत्राचा किट संपला. पहाटे, दाखल झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी, रुग्णाचा ताप पुन्हा ३८.४ झाला म्हणून प्रोकॅल्सिटोनिन बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं गेलं. तिथे जलद चाचणीच्या यंत्रावर १९ आलं. संध्याकाळी, ४८ तासांनी, आमचा किट आला आणि आमच्या यंत्रावर १८ आलं.

कुणीतरी हे सगळे आकडे एका ओळीत लिहिले : ३.८, ३१, १९, १८. उतार थबकल्यासारखा दिसतो. ताप आहे, सीआरपी १४२ वर गेलं आहे, आणि प्रोकॅल्सिटोनिन बारा तासांत जागचं हललं नाही. रात्रीच्या राउंडला प्रस्ताव आला की सेफ्ट्रायाक्सोन काम करत नाही, मेरोपेनेम या राखीव प्रतिजैविकावर जाऊ.

मी वर गेले आणि ते १९ खोडायला लावलं. दोन यंत्रं, दोन पद्धती, दोन वेगळी प्रतिपिंडं. एकाच नळीतलं रक्त दोन्हीकडे लावलं तरी आकड्यांत फरक पडतो, आणि वरच्या पट्ट्यात तो मोठा असू शकतो. वेगवेगळ्या मोजपट्ट्यांचे आकडे एका रेषेत जोडले की जी रेषा तयार होते ती रुग्णाची नसते. आमच्या यंत्रावर चोवीस तासांत ३१ चं १८ झालं होतं, म्हणजे आकडा निम्मा व्हायला सुमारे ३० तास. प्रोकॅल्सिटोनिनची नेहमीची अर्धायु चोवीस तासांच्या आसपास असते आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर ती थोडी लांबते. याचा सरळ अर्थ असा की शरीराने ते बनवणं जवळपास थांबवलं होतं आणि जुना साठा निचरत होता. आग विझत होती. सीआरपीचं १४२ हे पहिल्या दिवसाच्या भडक्याचं उशिरा आलेलं टपाल होतं, आणि ३८.४ चा ताप उष्माघातानंतर एक-दोन दिवस येतोच, कारण तापमान सांभाळणारी यंत्रणा सावरलेली नसते.

मेरोपेनेम टळलं. अतिदक्षतेत औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढत चालले असताना अशा पहाटेच्या एका आकड्यावरून राखीव औषध खर्ची पडतं, तेव्हा मला मनापासून त्रास होतो. त्याची किंमत या रुग्णाला नाही तर शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला मोजावी लागते.

त्याच पहाटे इंटरल्यूकिन-६ ही बाहेर पाठवलं गेलं होतं. ती नळी दुपारपर्यंत सेंट्रिफ्यूज न होता फिरत राहिली. नळीतल्या पांढऱ्या पेशी जिवंत असतात आणि त्या उकाड्यात स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडू शकतात. म्हणून तो अहवाल आला तेव्हा त्यावर ‘ग्राह्य धरू नये’ असं लिहून ठेवला. प्रोकॅल्सिटोनिन या बाबतीत बरंच चिवट आहे, खोलीच्या तापमानाला काही तास राहिलं तरी फारसं घटत नाही. इंटरल्यूकिन-६ तसं नाही. ते सगळ्यात आधी वाढतं आणि सगळ्यात आधी उतरतं, त्यामुळे कागदावर आकर्षक वाटतं. पण नळी अर्ध्या तासात फिरवून द्रव वेगळा करून थंडाव्यात ठेवण्याची सोय नसेल तर मे महिन्यातल्या नागपुरात ते मागवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डायलिसिस, आणि थांबायचा निर्णय

तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ५.१ झालं, लघवी जवळपास थांबली, आणि सहा तासांचं सावकाश डायलिसिस करावं लागलं. त्यानंतरचं, ७२ तासांचं, प्रोकॅल्सिटोनिन ८.१ आलं.

सगळ्यांना आनंद झाला. पण १८ वरून ८.१ म्हणजे अर्धायु २१ तासांवर आली, आणि बंद पडत चाललेल्या मूत्रपिंडासोबत ती कमी कशी होईल? डायलिसिसच्या तंत्रज्ञाला फोन करून विचारलं, कोणतं डायलायझर (रक्त गाळणारी नळी) लावलं होतं? हाय-फ्लक्स, म्हणजे मोठ्या छिद्रांच्या पडद्याचं. प्रोकॅल्सिटोनिन लहान असतं, साधारण १३ किलोडाल्टनचं, आणि हाय-फ्लक्स पडद्यातून त्याचा काही भाग निघून जातो. म्हणजे त्या दिवशीचा उतार थोडा रुग्णाचा आणि थोडा यंत्राचा होता. तेव्हापासून नमुना डायलिसिसच्या आधी घ्यायचा असं ठरलं. चौथ्या दिवशी, डायलिसिस नसताना, ४.४ आलं. पुन्हा २७ तासांची अर्धायु, म्हणजे मूळ उतार कायम होता.

थांबायचं कधी, याला आधार देणारे अभ्यास आहेत. फ्रान्समधल्या सहाशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) प्रोकॅल्सिटोनिन ०.५ च्या खाली आलं किंवा शिखरापासून ८० टक्क्यांनी उतरलं की प्रतिजैविक थांबवण्याचा सल्ला दिला जाई. त्या गटात प्रतिजैविकांशिवायचे दिवस वाढले आणि मृत्यू वाढले नाहीत. नेदरलँड्समध्ये दीड हजारांवर रुग्णांत (२०१६) प्रतिजैविकाचा मध्यक सात दिवसांवरून पाचवर आला आणि २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांऐवजी २० टक्के होते. ब्रिटनमधल्या २,७६० रुग्णांच्या अलीकडच्या अभ्यासातही (२०२५) रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनने प्रतिजैविकाचे दिवस थोडे कमी झाले, तर सीआरपीने तसं काही साधलं नाही. याच्या उलट डेन्मार्कमध्ये (२०११) आकडा वाढला की औषध वाढवायचं असं करून पाहिलं. माणसं जास्त वाचली नाहीत, उलट अतिदक्षतेतला मुक्काम लांबला. खाली यायला हा आकडा हात धरतो, वर चढायला नाही.

आमच्या रुग्णात ३१ चं ४.४ म्हणजे ८६ टक्के घट. पण केवळ तेवढ्यावर थांबलो नाही. रक्ताच्या चारही कल्चर बाटल्या तोवर कोऱ्या होत्या. प्लेटलेट ५४,००० पर्यंत घसरून परत ८२,००० वर आल्या होत्या, म्हणून त्या सकाळी पाठीतलं पाणी काढलं. ते स्वच्छ निघालं, पेशी नाहीत, साखर आणि प्रथिनं ठीक. आणि पत्नीला पुन्हा शांतपणे विचारलं तेव्हा कळलं की घरी थर्मामीटर नव्हता. दोन्ही दिवस तो संध्याकाळी कामावरून आल्यावरच अंग गरम लागायचं, सकाळपर्यंत उतरायचं. तो ताप नव्हता. ती उष्माघाताची आधीची पायरी होती, आणि त्या पायरीवर त्याला कुणी सावलीत बसवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करू नये असं दर उन्हाळ्यात सांगितलं जातं. टिनाच्या खोलीत विश्रांती घेणं म्हणजे विश्रांती नाही, हेही सांगायला हवं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी प्रतिजैविकं थांबवली. भावाला ते पटेना. “अजून चार आहे न जी. बिलकुल झिरो होईपर्यंत चालू ठेवा. दवाई बंद काहून करता?” त्याची भीती समजण्यासारखी होती. अहवालावर सामान्य पातळी ०.१ च्या खाली छापलेली असते आणि ४.४ तिच्या चाळीस पट वाटतं. अतिदक्षतेतल्या डॉक्टरांनी त्याला चारही दिवसांचा आलेख दाखवला, कल्चरचे अहवाल दाखवले, आणि लागलं तर तासाभरात पुन्हा सुरू करू असं सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्या रात्री तो बाकावरून हलला नाही.

सातवा दिवस

सहाव्या दिवशी १.६. सातव्या दिवशी पहाटे श्वासनलिकेतून घट्ट, पिवळा स्राव येऊ लागला. ऑक्सिजनची गरज वाढली, ताप ३८.८, एक्स-रेमध्ये डाव्या बाजूला खाली नवा पांढरा डाग. व्हेंटिलेटरवर असताना होणारा न्यूमोनिया. स्राव आणि रक्त कल्चरला पाठवून सात वाजता मेरोपेनेम सुरू झालं. माझ्याकडून प्रोकॅल्सिटोनिन ७.२ हा आकडा गेला तो साडेनऊला, म्हणजे निर्णयानंतर.

तरी त्या ७.२ ला वजन होतं, आणि ते आधीच्या ३१ ला नव्हतं. ३१ आलं तेव्हा उष्णतेचा भडका चालू होता, त्यात संसर्गाचा आवाज वेगळा ऐकू येणं शक्य नव्हतं. आता भडका विझून चार दिवस उतार चालू होता आणि त्या उतारावर अचानक चढ आला होता. १.६ वरून २४ तासांत ७.२ जाण्याला दुसरं कारण शिल्लक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ९ झालं, पण रुग्णाचा रक्तदाब स्थिर होता, ऑक्सिजन सुधारत होता, म्हणून औषध बदललं नाही. स्रावात क्लेब्सिएला न्यूमोनिई हा जिवाणू वाढला, मेरोपेनेमला दाद देणारा. पुढचे आकडे ५.१, २.२ आणि मेरोपेनेमच्या सातव्या दिवशी ०.९. नव्वद टक्के घट, छाती मोकळी, आणि औषध त्याच दिवशी थांबलं.

या प्रकरणानंतर बदललेलं काम

प्रोकॅल्सिटोनिनच्या एका चाचणीला या माणसाची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. त्यामुळे ती ‘रोजच्या पॅकेज’मध्ये घालून पाठवणं मला मान्य नाही. मागणीच्या कागदावर आता तीन गोष्टी लिहाव्या लागतात : नमुन्याची नेमकी वेळ, मागच्या २४ तासांत डायलिसिस झालं का, आणि आकडा आल्यावर काय ठरवायचं आहे. तिसरा रकाना कोरा असेल तर मी फोन करते. पुष्कळदा फोनवरच ठरतं की आज नको, उद्या पाठवू. बाहेरच्या यंत्राचा आकडा वेगळ्या ओळीत, वेगळ्या शाईने लिहिला जातो. आणि एप्रिल ते जून, ४० अंशांच्या वरच्या तापमानाने दाखल झालेल्या रुग्णाच्या अहवालातून ते लाल वाक्य काढून टाकलं आहे. त्याजागी ‘उष्माघातातही वाढते, २४ ते ४८ तासांनी त्याच यंत्रावर पुन्हा तपासावे’ असं छापतो.

रुग्ण बाराव्या दिवशी व्हेंटिलेटरवरून निघाला, एकोणिसाव्या दिवशी घरी गेला. मूत्रपिंड सावरलं, यकृताच्या चाचण्या खाली आल्या. चालताना मात्र त्याचा तोल जातो आणि बोलणं जड आहे. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींना उष्णता सगळ्यात कमी सोसते, आणि त्यांची हानी या पेप्टाइडांपैकी एकातही दिसत नाही. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपी आहे, दर आठवड्याला क्रिएटिनिन आहे, या उन्हाळ्यात कामावर न जाण्याची सूचना आहे. भावाने विचारलं होतं, महिन्याने प्रोकॅल्सिटोनिन परत करायचं का. नाही, म्हणून सांगितलं. ते पैसे चालण्याच्या व्यायामाला लावा.